जुन्या कागदांचं स्कॅनिंग झालं, आता ड्राइव्ह सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या निमित्ताने घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. उर्दू आणि मोडीतले कागद, १९५४ सालची जमिनीची खासरा पत्रकं, पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, वाटणीपत्रं असं बरंच काही स्कॅन झालं. हे चांगलंच झालं, कारण असा कागद नुसता उलगडला तरी घडीवर तुकडा पडतो. पण स्कॅन झालेलं सगळं बहुतेक घरांत एकाच पेनड्राइव्हवर आहे. तोच पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात, तोच तहसीलला, तोच झेरॉक्सच्या दुकानात आणि रात्री तोच टीव्हीला. आम्ही संगणक दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरीचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या ड्राइव्हपैकी कितीतरी बिघडण्याआधीच सांभाळता आले असते, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, जागेची अडचण असेल तर दोन भागांत छापावं, ही विनंती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. बाहेरून लावलेल्या ड्राइव्हवरची फाइल तिथल्या तिथे उघडून काम करू नका. पेनड्राइव्ह म्हणजे कागद न्यायची पिशवी. पिशवीत हात घालून कुणी अर्ज लिहीत बसत नाही. ड्राइव्ह लावा, फाइल संगणकाच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये कॉपी करा, ड्राइव्ह रीतसर काढून बाजूला ठेवा. लिहिणं, खाडाखोड, सेव्ह सगळं संगणकावर करा. काम संपलं की वर्ड बंद करा, मग ड्राइव्ह पुन्हा लावून नवी फाइल त्यात टाका, आणि तीही जुन्या फाइलवर न टाकता तारीख जोडलेल्या नव्या नावाने. दोन मिनिटं जास्त लागतात.

एवढा आग्रह का, ते कळायला वर्ड सेव्ह कसं करतं हे बघावं लागेल. आपण सेव्हचं बटण दाबतो तेव्हा वर्ड जुन्या फाइलमधल्या दोन ओळी बदलून थांबत नाही. ते शेजारी एक तात्पुरती फाइल तयार करतं, सगळा मजकूर तिच्यात नव्याने लिहितं, मग जुनी फाइल बाजूला सारून तात्पुरतीला मूळ नाव देतं. या अदलाबदलीच्या मधोमध लाइट गेली किंवा कुणाचा धक्का लागून पेनड्राइव्ह हलला, तर जुनीचं नाव गेलेलं असतं आणि नवी अर्धीच लिहून झालेली असते. मग ड्राइव्हवर दिसते ती नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली, १६२ बाइटची लपवलेली फाइल. 'फाइल दिसते पण उघडत नाही' म्हणून लोक नेमकी हीच दाखवतात. तिच्यात तुमच्या कागदाचं एक अक्षर नसतं. मूळ फाइल कोणी उघडली आहे, त्याचं नाव तेवढं असतं. एक्सेलची अशी फाइल १६५ बाइटची असते. हे आकडे दिसले की त्या फाइलचा नाद सोडा. त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी टीएमपी (.tmp) असं शेपूट असलेली मोठी फाइल आहे का बघा. असेल तर ती संगणकावर कॉपी करा, तिथे नाव बदलून तिला वर्डचं (.docx) शेपूट लावा आणि वर्डच्या 'ओपन अँड रिपेअर' मधून उघडा. कधीकधी पूर्ण मजकूर हाती लागतो.

अर्धी लिहिलेली फाइल अर्धी तरी का उघडत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. आजची वर्डची फाइल म्हणजे आतून एक झिप केलेलं गाठोडं असतं. गाठोड्यात कोणती वस्तू कुठे ठेवली आहे, याची यादी फाइलच्या अगदी शेवटी लिहिली जाते. शेवट लिहायचा राहिला की यादी नाही, आणि यादी नाही म्हणून वर्ड सगळं गाठोडंच नाकारतं. पीडीएफचीही बरीचशी तीच गत, तिचाही पानांचा पत्ता शेवटी असतो. जेपेग फोटो मात्र वरून खाली वाचला जातो, म्हणून त्याचा वरचा भाग दिसतो आणि खालचा करडा होतो.

नुकसान उघड्या फाइलपुरतं राहत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत आहे, त्याचा तक्ता या पद्धतीत असतो; पण बदल करण्याआधी त्याची नोंद दुसरीकडे करून ठेवायची सोय तिथे नाही. एनटीएफएसमध्ये ती आहे, निदान फाइलींच्या हिशेबापुरती. तक्ता लिहिताना ड्राइव्ह ओढला, तर ज्या फाइलला आज हातही लावला नव्हता तिचा पत्ता पुसला जाऊ शकतो. शिवाय फ्लॅश चिपमध्ये लहानसा बदल करायचा असला तरी मोठा गठ्ठा एकदम पुसून नव्याने लिहावा लागतो, आणि तो कुठे लिहिला याचा हिशेब पेनड्राइव्हमधला कंट्रोलर ठेवतो. वीज तुटून तो हिशेबच बिघडला की पेनड्राइव्ह शून्य बाइट दाखवतो किंवा 'इन्सर्ट डिस्क' म्हणतो. तिथून माहिती काढायला चिपपर्यंत जावं लागतं, आणि ते स्वस्तात होत नाही.

फक्त विंडोजवरच वापरायच्या बाहेरच्या हार्ड डिस्कला एनटीएफएस ठेवा. टीव्ही, मोबाइल, कॅमेरा सगळीकडे फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट ठीक. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ 'जागा असूनही जात नाही' तो यामुळे. पद्धत बदलायची म्हणजे सहसा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा आधी आतलं सगळं दुसरीकडे काढा.

आता ड्राइव्ह काढण्याबद्दल. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत आपोआप लागू असते, म्हणजे लिहायचा मजकूर मेमरीत फार वेळ साठवून ठेवला जात नाही. त्यामुळे 'आता इजेक्ट करायची गरज नाही' असं पसरलं आहे. ते अर्धवट खरं आहे. कॉपी चालू असताना, वर्ड उघडं असताना किंवा अँटिव्हायरस ड्राइव्ह तपासत असताना ओढला तर क्विक रिमूव्हल काही वाचवत नाही. जुन्या विंडोज ७ च्या मशिनी तर आपल्याकडे अजून कितीतरी कार्यालयांत आणि दुकानांत चालू आहेत. म्हणून 'सेफली रिमूव्ह' करा, दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत थांबा, मग काढा. 'डिव्हाइस इज इन यूज' असा निरोप आला तर वर्ड, एक्सेल, फोटो दाखवणारा प्रोग्राम आणि ड्राइव्हचं उघडलेलं फोल्डर बंद करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही सोडत नसेल तर संगणक शट डाउन करा आणि पूर्ण बंद झाल्यावर काढा. स्लीपमध्ये गेलेल्या लॅपटॉपमधून ओढू नका. जागा झाल्यावर तो जिथे थांबला होता तिथूनच लिहायला जातो. मोबाइलला ओटीजीने लावलेल्या ड्राइव्हलाही स्टोरेजच्या सेटिंगमध्ये इजेक्ट किंवा अनमाउंट असतंच.

लाइटीचं काय करायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण आहे का बघा. नॉर्मलवर ठेवलेला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर अदलाबदलीला इतका वेळ घेतो की पंखा चालू राहतो पण संगणक रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर ठेवा. आणि लाइट ये-जा करत असेल त्या वेळी मोठी कॉपी लावू नका, सकाळपर्यंत थांबा.

फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २ च्या पोर्टमधून ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त वीज लागते. कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट आत लांब तारेने जोडलेला असतो, वर स्वस्तातला हब आणि दोन मीटरची वायर, मग डिस्क फिरायला जाते, थांबते, पुन्हा जाते. टिक टिक आवाज येतो तो कधी निव्वळ विजेअभावी आणि कधी तबकडी वाचणारं आतलं हेड गेल्यामुळे. मागचा पोर्ट, डिस्कबरोबर आलेली आखूड वायर, मध्ये हब नाही, असं एकदा लावून बघा. आवाज तरीही आला तर लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघणं हाच त्या डिस्कचा घात. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते घासायला लागलं की प्रत्येक फेरीला माहितीचा थर खरवडला जातो. चालू डिस्क उचलून दुसरीकडे ठेवू नका, लॅपटॉपला लोंबकळती ठेवू नका. आणि ती खोलून बघू नका. आपल्या घरातला धुळीचा कण त्या फटीपेक्षा किती तरी मोठा असतो.

अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकावर चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात दुपारी खोलीतच त्याच्या वर पारा जातो. त्या दिवसांत शंभर जीबीची कॉपी पहाटे लावा, डिस्क उशीवर किंवा गादीवर न ठेवता फरशीवर किंवा लाकडी टेबलावर मोकळी ठेवा. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात कोंडलेली असते आणि तो भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्त वेगाने. जेडेक या संस्थेचं घरगुती एसएसडीसाठीचं मानक असं आहे की लिहिण्याची क्षमता संपत आलेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवा ड्राइव्ह त्याहून बराच जास्त टिकतो, पण बाजारातल्या साध्या पेनड्राइव्हमध्ये चिप कोणत्या प्रतीची आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. तेव्हा तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेतही नको. माळवदाच्या घरातला कोनाडा किंवा भिंतीतलं कपाट त्यापेक्षा कितीतरी बरं. आणि वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, त्यातलं सगळं संगणकावर काढा, उघडून बघा आणि परत नव्याने लिहा. नुसता लावून काढल्याने भार पुन्हा भरला जाईलच असं नाही.

झेरॉक्सचं दुकान आणि सेवा केंद्र यांच्याशी प्रत्येकाचा संबंध येतो. तिथल्या मशिनीत दिवसभर गावोगावचे पेनड्राइव्ह लागतात, त्यात दुकानदाराचा दोष नाही. शॉर्टकट व्हायरस तिथूनच फिरतो. फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, एक-दोन केबीचे, कोपऱ्यात बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात. घाबरून फॉरमॅट मारू नका, कारण कागद तिथेच असतात, फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिकही करू नका. तसं केलं की व्हायरस तुमच्या संगणकात शिरतो. अँटिव्हायरसने तपासा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइल दाखवा, आणि त्याखालच्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूणही काढा. ही दुसरी खूण काढल्याशिवाय फोल्डर दिसत नाहीत, आणि इथेच बहुतेक जण 'सगळं गेलं' असं समजतात. कधीकधी सगळे कागद एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेले असतात. नाव रिकामं दिसतं पण फोल्डर उघडतं. फक्त ओळखीचे फोटो आणि कागदपत्रं संगणकावर काढून घ्या आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

यावर साधा उपाय म्हणजे प्रिंटला न्यायला वेगळा, लहानसा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात त्या दिवशीची पीडीएफ सोडून काही ठेवू नका. मूळ स्कॅनचा ड्राइव्ह दुकानात नेऊच नका. काही जण एसडी कार्डाच्या बाजूची कुलपाची पट्टी सरकवून निश्चिंत होतात. ते कुलूप कार्ड स्वतः पाळत नाही, कार्ड रीडरने पाळायचं असतं, आणि ते न पाळणारे रीडर असतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबून लहान होतो आणि मोडीतली बारीक फर्राटी रेघ मिसळून जाते.

कॉपी झाली की नाही हे बघण्याचीही एक रीत आहे. कट-पेस्ट कधी करू नका. कॉपी करा, तपासा, मग गरज असेल तरच मूळ पुसा. तपासताना दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळवा, बाइटपर्यंत. खालचा 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, कारण दोन ड्राइव्हचे कप्पे लहान-मोठे असतात. तो जुळला नाही म्हणून घाबरू नका. मग ड्राइव्ह इजेक्ट करा, पुन्हा लावा, आणि त्यानंतर पाच-सहा फाइली उघडून बघा, त्यातल्या दोन तरी शेवटच्या. न काढता लगेच उघडलं तर संगणक बऱ्याचदा स्वतःच्या मेमरीतलीच प्रत दाखवतो आणि ड्राइव्हवर काय उतरलं ते कळतच नाही.

बाजारात आणि ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारे '२ टीबी' चे पेनड्राइव्ह घेऊ नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगितलेला असतो. खरी जागा संपली की पुढच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. नावं सगळी दिसतात, आत काही नसतं. नवा पेनड्राइव्ह वापरायच्या आधी रिकामा असताना एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

काही बिघडलंच तर पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असा प्रश्न आला तर कॅन्सल करा. विंडोज दुरुस्तीसाठी ड्राइव्ह तपासू का विचारतं, त्यालाही आधी नाही म्हणा. ती तपासणी म्हणजे चेकडिस्क; तिचं काम तक्ता सरळ करणं आहे, तुमचे कागद वाचवणं नाही. बिघडलेल्या तक्त्यावर ती चालवली की फाइलींचे तुकडे नावं हरवून 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. आधी संपूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी लागते, लिनक्समधलं डीडीरेस्क्यू त्यासाठी उत्तम. मग त्या प्रतिमेवर हरवलेल्या फाइली शोधणारं टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवायचं. दोन्ही मोफत आहेत. सापडलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर परत कधीही उतरवू नका. मिळालेली एक फाइल न मिळालेल्या चार फाइलींवर लिहिली जाते.

पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. पण जागेवर दुसरं काही लिहिलं नाही तोवर ती बहुधा परत मिळते, म्हणून ड्राइव्ह ताबडतोब काढून ठेवा. चुकून फॉरमॅट झालं तर 'क्विक फॉरमॅट' ची खूण होती का ते आठवा. खूण असेल तर आशा आहे. खूण काढून पूर्ण फॉरमॅट झालं असेल तर विंडोज व्हिस्टापासून ते सगळीकडे शून्य लिहितं, मग उरत काही नाही. बाहेरच्या एसएसडीत ट्रिम (पुसलेल्या फाइलीची जागा आतून मोकळी करून टाकणारी सोय) चालू असेल तर पुसलेलं सहसा परत येत नाही. पाण्यात भिजलेला ड्राइव्ह तांदळात घालू नका, गेलेली हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका. वीज न लावता आहे तशी जाणत्याकडे द्या. वाकलेल्या पिनचा पेनड्राइव्हही घरी पक्कडीने सरळ करू नका.

आणि प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, ही जगभर पाळली जाणारी रीत आहे. आपल्या भागात 'घराबाहेर' चा अर्थ नीट घ्यायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरंच्या घरं गेली. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने घरांत पाणी शिरलं. शेजारच्या भावकीत ठेवलेली प्रत अशा वेळी उपयोगाची नाही. एक हार्ड डिस्क घरी, दुसरी लेकीच्या सासरी किंवा शहरात शिकणाऱ्या मुलाकडे, आणि तिसरी प्रत इंटरनेटवर. गुगल ड्राइव्हवर मोफत १५ जीबी मिळतात, पण ते जीमेल आणि फोटोंसकट, शिवाय पुसलेली फाइल तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. डिजिलॉकरमध्ये १ जीबी मिळतं. तिथे एक फरक लक्षात ठेवावा: सरकारी खात्याने थेट दिलेला 'इश्यूड' कागद मूळ कागदासारखा धरला जातो, आपण स्कॅन करून चढवलेला तसा धरला जात नाही, तो फक्त सुरक्षित राहतो. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम लावलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस, खंडणीखोर प्रोग्राम आणि विजेचा झटका सगळेच पोचतात. आपोआप 'मिरर' करणारा प्रोग्राम वापरत असाल तर सावध, तो इकडे पुसलेलं तिकडेही पुसतो. विंडोजच्या बिटलॉकरने ड्राइव्हला कुलूप लावलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या दोघांना माहीत असू द्या.

शोधप्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि डीटीपीवाले यांच्यासाठी एक भर घालतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली पेजमेकर फाइल वाचवून दिली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हंच दिसतात. मूळ फाइलबरोबर फॉन्ट आत घातलेली पीडीएफ आणि युनिकोडमध्ये उतरवलेला मजकूर, दोन्ही ठेवा.

शेवटी सेवा केंद्रचालक, झेरॉक्सवाले आणि ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक यांना कळकळीची विनंती. जुना कागद स्कॅन करून देताना तो वर्डमध्ये चिकटवून देऊ नका. वर्ड सेव्ह करताना चित्र आपोआप २२० पीपीआयला (इंचाला २२० ठिपके) आणतं आणि ते पुन्हा वाढवता येत नाही. ए४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, न दाबता सुमारे २६ एमबी. फिक्या शाईच्या मोडीला ६०० डीपीआय लावा. शंभर पानं असली तरी हल्लीच्या पेनड्राइव्हला ते जड नाही, तेव्हा मूळ टिफ किंवा जेपेग द्या, आणि वापरायला वेगळी पीडीएफ. फाइलींना 'स्कॅन०००१' न म्हणता गावाचं नाव, गट नंबर, कागदाचा प्रकार, साल आणि पान क्रमांक द्या. जमलं तर सोबत एका कागदावर फाइलींची यादी छापून द्या; ड्राइव्ह खराब झाला तर काय शोधायचं आहे हे त्या यादीवरूनच कळतं. ड्राइव्हवर खरेदीचा महिना आणि शेवटची कॉपी घेतल्याची तारीख लिहा, पातळ पेनाने, थेट प्लॅस्टिकवर. जाड स्टिकर लावलेला पेनड्राइव्ह पोर्टमध्ये अडकतो आणि ओढताना पिन वाकते.

कळावे.

आपले,
संगणक दुरुस्ती व डेटा रिकव्हरीचं काम करणारे काही तंत्रज्ञ,
परभणी